सुतारांच्या गावचा संघ

एका सुतारावर कादंबरी लिहावी असे गेली दोन वर्षे माझ्या मनात घोळत होते. लिहायला बसलो आणि पहिल्याच प्रकरणात अडलो. लाकूड मला माहीत होते ते फळ्याचे, बाकाचे आणि छडीचे. पण रंधा हातात धरणारा माणूस दिवसभर काय विचार करतो, हे मास्तराला कुठून कळणार? म्हणून आमच्या आळीतल्या सुतारकाकांच्या पडवीत संध्याकाळी जाऊन बसू लागलो, आणि रात्री जगातल्या सुतारकामाविषयी मिळेल ते वाचू लागलो. आता माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. इंग्रजी वाचायचे तर उशाशी शब्दकोश लागतो, आणि इटालियनमधले तर ओ की ठो कळत नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी या कामी उपयोगी पडला. मी नावे सांगावीत आणि त्याने शोधून वाचून दाखवावे, असा आमचा क्रम पडला.

या वाचनात कांतू भेटले. उत्तर इटलीत, मिलान शहरापासून तीसेक किलोमीटर वर आणि कोमोच्या प्रसिद्ध सरोवराच्या अलीकडे वसलेले हे गाव. कपाटे, खुर्च्या, पलंग, मेजे यांसाठी त्याचे नाव साऱ्या युरोपात. मी कपाटांविषयी वाचत होतो, आणि मध्येच एक वाक्य आले की या गावचा बास्केटबॉलचा संघ दोनदा युरोपचा अजिंक्य झाला. मला वाटले, विद्यार्थ्याने पान चुकून उलटले. त्याला पुन्हा वाचायला सांगितले. तेच निघाले. मग कादंबरी राहिली बाजूला आणि मी या संघाच्या मागे लागलो. संपादकांना दिवाळीसाठी कथा कबूल केली होती. त्यांना हा लेख हाती पडल्यावर कपाळाला हात लावावा लागेल. पण कथेहून हे मला अधिक मोलाचे वाटले, त्याला काय करणार!

कांतू म्हणजे एखादी महानगरी नव्हे. आज तिथली वस्ती ४०,००० च्या आसपास आहे. या लेखातल्या मोठ्या घटना घडल्या तेव्हा ती त्याहूनही कमी होती. गाव मात्र जुने. त्याच्या एका अंगाला गॅलियानो नावाच्या टेकाडावर संत विन्सेंटचे देऊळ आहे, ते १००७ साली अर्पण झाले आणि त्यातली भिंतीवरची चित्रे अजून टिकून आहेत. गावच्या बायका पूर्वापार लेस विणत. मांडीशी एक गोल उशी, तिच्यावर टाचण्या आणि धागे गुंडाळलेल्या लाकडी फिरक्या. या फिरक्या अशा काही भराभर एकमेकींवरून टाकायच्या की पाहणाराला नुसता खडखडाट ऐकू यावा. आणि पुरुष सुतार. १८८२ साली तिथे कारागिरांच्या मुलांसाठी कलाशाळा निघाली. दिवसा कामाला जाणाऱ्या पोराला रेघ कशी ओढावी, नक्षी कशी उतरवावी हे शिकवणे, हा तिचा हेतू. १९५५ पासून तर गावाने लाकडी सामानाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवायला सुरुवात केली. देशोदेशीच्या चित्रकार-वास्तुकारांनी आराखडे पाठवावेत आणि कांतूच्या सुतारांनी ते लाकडात उतरवून दाखवावेत, अशी ती योजना.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. या गावात एखादा प्रचंड कारखाना आणि त्याचा एकच मालक, असा प्रकार नव्हता. लहान लहान कारखाने. बाप, दोन मुलगे, एक भाचा आणि चार कारागीर. कुणी फक्त पाय कातणारा, कुणी फक्त पॉलिशवाला, कुणी गाद्या भरणारा. आपल्याकडे सोनार आळीत जसे एकाने मणी करायचे आणि दुसऱ्याने गाठवायचे, तसे.

आता खेळाविषयी दोन शब्द, कारण फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक वाचणाऱ्या आजींना बास्केटबॉल म्हणजे काय हे ठाऊक असेलच असे नाही. दहा फुटांवर एक लोखंडी कडे, त्याला जाळी. पाच जणांनी पाच जणांना चुकवून चेंडू त्यात टाकायचा. १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने थंडीच्या दिवसांत पोरांना घरात खेळता यावे म्हणून हा खेळ काढला. म्हणजे मुळात ही एका मास्तराचीच करामत, हे मी आमच्या ड्रिलमास्तरांना मुद्दाम सांगितले. जागा थोडी लागते, माणसे थोडी लागतात. इटलीच्या त्या भागात प्रत्येक चर्चला लागून मुलांसाठी खेळाचे अंगण असते. फुटबॉलला ते अपुरे पडते, पण दोन खांब रोवून दोन कडी लावायला पुरते. मोठी शहरे फुटबॉलच्या मागे लागली. आल्प्स पर्वताच्या पायथ्याच्या कांतू, वारेझे अशा गावांत हा खेळ रुजला, त्याला अशा अंगणांचा हातभार मोठा.

कांतूचा संघ १९३६ साली निघाला. पहिली वीस वर्षे मी झटकन ओलांडतो. लहान सामने, मग युद्ध, मग पुन्हा लहान सामने. पन्नाशीच्या दशकात संघ देशातल्या पहिल्या श्रेणीत चढला आणि तिथून त्याच्या नावाची गंमत सुरू झाली.

इटलीत बास्केटबॉलच्या संघाला जो पैसा देईल त्याचे नाव संघाला लागते. नुसते सदऱ्यावर नव्हे. वर्तमानपत्रांत, गुणफलकावर, लोकांच्या बोलण्यातही. त्यामुळे कांतूचा संघ आज एका नावाने तर चार वर्षांनी दुसऱ्याच नावाने खेळताना दिसतो. ओरानसोदा झाला, म्हणजे संत्र्याचे सरबत. फोर्स्ट झाला, म्हणजे बिअर. गाबेत्ती झाला, म्हणजे घरे विकणारी पेढी. स्क्विब झाला, म्हणजे औषधे. फोर्ड झाला, म्हणजे मोटारी. नंतर एकदा व्हिस्मारा, म्हणजे मांसाचे पदार्थ, आणि एकदा तर क्लिअर, म्हणजे केस धुण्याचा शांपू! माझ्या विद्यार्थ्याने ही यादी वाचून दाखवली तेव्हा सुतारकाका रंधा थांबवून म्हणाले, “मास्तर, म्हणजे दर वर्षी बारसं की हो!” तसेच होते ते. युरोपच्या विजेत्यांच्या यादीत १९८२ ला स्क्विब दिसतो आणि १९८३ ला फोर्ड. अनोळखी माणसाला वाटावे की हे दोन निरनिराळे संघ. पण प्रेक्षक मात्र ओरडत ते “कांतू, कांतू” असेच. सासरी गेलेल्या मुलीचे नाव बदलते तरी माहेरची माणसे जुन्याच नावाने हाक मारतात, तशातला तो प्रकार.

संत्र्याच्या सरबताच्या दिवसांतच पहिले मोठे यश आले. १९६८ साली कांतू इटलीचे अजिंक्य ठरले. गुरू होता बोरिस्लाव्ह स्तांकोविच, बेलग्रेडचा. हा गृहस्थ शिक्षणाने गुरांचा डॉक्टर! परदेशी खेळाडू त्या वेळी संघात एकच घेता येई. कांतूने घेतला तो बॉब बर्जेस नावाचा उंच अमेरिकन. त्याच्या जोडीला दोन उंच इटालियन उभे केले, आणि या तिघांच्या हातांखालून चेंडू पलीकडे जाईना. लोक त्याला भिंत म्हणू लागले. हे स्तांकोविच पुढे १९७६ ते २००२ पर्यंत जागतिक बास्केटबॉल संघटनेचे सरचिटणीस होते, आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंना ऑलिंपिकची दारे १९८९ साली उघडली गेली ती प्रामुख्याने त्यांच्या खटपटीने. एवढा माणूस एकेकाळी सुतारांच्या गावात पोरांना चेंडू कसा अडवावा हे शिकवत होता.

त्यांच्या मागून आर्नाल्दो ताउरिझानो आला. मला, मास्तर म्हणून, या साऱ्या कथेत सर्वांत जवळचा वाटतो तो हा. दहा वर्षे तो कांतूला राहिला, १९७९ पर्यंत. अध्यक्ष होते आल्दो आल्लिएव्ही. दोघांना एक गोष्ट स्वच्छ दिसत होती, की मिलानसारख्या शहराशी पैशाने स्पर्धा करता येणार नाही. तयार खेळाडू विकत घेण्याची ऐपत नाही, तर खेळाडू तयार केले पाहिजेत. आसपासच्या गावांतली पोरे बारा-तेरा वर्षांची असताना हुडकायची, त्यांना गावच्या संघात वाढवायची. त्या काळच्या नियमाप्रमाणे खेळाडूचे नोंदणीपत्र संघाच्या हाती असे. संघाने विकला नाही तर तो दुसरीकडे जाऊ शकत नसे. खेळाडूच्या दृष्टीने हे न्यायाचे होते असे मी म्हणणार नाही. वेठबिगारीचाच तो एक सभ्य प्रकार. पण लहान गावाला त्याचा आधार होता खरा. पेरलेले आपल्याच शेतात उगवेल एवढी खात्री असे.

जवळच्याच फिजिनो सेरेन्झा गावचा १९५२ साली जन्मलेला एक मुलगा असाच आला. पिएर्लुइजी मार्झोराती. १९६९ साली तो मोठ्या संघात उतरला आणि १९९१ साली थांबला; बावीस वर्षे, एकच संघ. चेंडू घेऊन धावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि खेळता खेळता तो स्थापत्यशास्त्राची पदवी घेऊन इंजिनियर झाला. लोकांनी त्याला ‘उडता इंजिनियर’ म्हणायला सुरुवात केली. इटलीच्या राष्ट्रीय संघाकडून तो २७८ सामने खेळला. तो त्या देशाचा उच्चांक आहे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचे रौप्यपदक आणि १९८३ चे युरोपीय सुवर्णपदक त्याच्या घरी आहे. माझ्या वर्गात एखादा मुलगा “खेळू की शिकू?” असे विचारतो, तेव्हा पूर्वी मी अनेक पोकळ उत्तरे देत असे. आता हे एक नाव सांगतो.

मार्झोरातीच्या जोडीला कार्लो रेकालकाती, अचूक नेमबाज. तो मिलानचा, पण सतरा वर्षे कांतूला खेळला. पुढे गुरू झाला आणि २००४ साली त्याच्या मार्गदर्शनाखाली इटलीने अथेन्सला ऑलिंपिकचे रौप्य मिळवले. या मंडळींनी सत्तरीच्या दशकात काय केले ते सांगताना माझी बोटे कमी पडतात. युरोपात अजिंक्यपदाच्या खालोखाल दोन स्पर्धा होत्या, कोराच चषक आणि चषकविजेत्यांचा चषक. कांतूने पहिली १९७३, १९७४, १९७५ अशी तीनदा ओळीने जिंकली. दुसरी १९७७, १९७८, १९७९ अशी तीनदा, आणि पुन्हा १९८१ साली. मध्ये १९७५ ला इटलीचे अजिंक्यपद घेतले. शेजारचे वारेझे गाव त्या वेळी युरोपवर राज्य करीत होते. १९७० पासून १९७९ पर्यंत दहाही वर्षे त्याचा संघ युरोपच्या अंतिम सामन्यात होता आणि पाचदा जिंकला. पण वारेझेच्या मागे शीतकपाटांच्या मोठ्या कारखान्याचा मालक जोव्हान्नी बोर्गी उभा होता. कांतूच्या मागे असा एक राजा नव्हता. वरकड पैसा दर तीन-चार वर्षांनी बदलणाऱ्या कंपन्यांकडून येई, आणि बाकीचा भार गावातल्या लहान कारखानदारांनी, तिकिटे काढणाऱ्या कुटुंबांनी उचललेला असे. म्हणून तर कंपनी बदलली तरी संघ मोडत नसे. बहुधा यामुळेच वारेझेची सद्दी संपल्यावरही कांतूची चढती कमान राहिली.

१९७९ नंतर गुरू झाला व्हालेरिओ बियांकिनी. त्याच्या हाती एक नवे रत्न लागले होते. रोजेनो नावाच्या, असेच जवळच्या, गावचा आंतोनेल्लो रीव्हा. १९६२ चा जन्म, आणि पंधराव्या वर्षी मोठ्या संघात. खांदे लोहारासारखे आणि नेम सोनारासारखा. इटलीच्या पहिल्या श्रेणीत त्याने कारकिर्दीत १४,३९७ गुण केले. तितके तिथे दुसऱ्या कुणीही केलेले नाहीत. यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याचा नियम युरोपात १९८४ साली आला. त्याआधी रीव्हाने कितीही दूरवरून जाळी भेदली तरी पदरात दोनच पडत!

१९८१ साली बियांकिनीच्या संघाने इटली जिंकली. त्यामुळे पुढल्या वर्षी युरोपच्या अजिंक्यपदासाठी खेळायचा हक्क मिळाला. २५ मार्च १९८२ ला कोलोन शहरात अंतिम सामना झाला तो तेल अवीवच्या मकाबी संघाशी. मार्झोराती, रीव्हा, आणि ब्रूस फ्लॉवर्स व सी. जे. क्युपेक हे दोन अमेरिकन. कांतू ८६, मकाबी ८०. लेस आणि लाकूड यांचे गाव युरोपच्या शिखरावर बसले.

बियांकिनी त्यानंतर रोमला गेला आणि दोन वर्षांत रोमलाही युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले, म्हणजे त्याची किमया खरीच होती. कांतूत त्याच्या जागी जानकार्लो प्रिमो आला. १९८३ चा अंतिम सामना २४ मार्चला फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरी ठरला, आणि समोर कोण? मिलान! इटलीतलेच दोन संघ, एकमेकांपासून तीस किलोमीटरवरचे, आणि लढाई युरोपच्या गादीसाठी, परक्या देशात. मिलानची वस्ती तेव्हा १५ लाखांवर. कांतूची त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी. मिलानकडे दिनो मेनेगिन होता, ज्याने वारेझेकडून पाच अजिंक्यपदे घेतली होती. माइक डॅन्टोनी होता, जो पुढे अमेरिकेत नामांकित गुरू झाला. आणि बाकावर डॅन पीटरसनसारखा वाक्पटू अमेरिकन गुरू. कांतूकडे त्या वर्षीचे अमेरिकन दोन, जिम ब्रूअर आणि वॉलेस ब्रायंट. बाकी पोरे बहुतेक पंचक्रोशीतली.

या सामन्याची जुनी फीत आम्ही पाहिली. मी, माझा विद्यार्थी आणि सुतारकाका. चित्र धूसर, बोलणे इटालियन, पण त्याने काही अडले नाही. कांतूने मोठी आघाडी घेतली आणि सुतारकाकांनी तंबाखू मळायला घेतली. मग मिलानने एकेक गुण करून ती आघाडी खाऊन टाकायला सुरुवात केली. तंबाखू तळहातावरच राहिली. शेवटी अंतर उरले एका गुणाचे, आणि शेवटच्या क्षणांत मिलानची माणसे कड्याखाली घुसलेली. चेंडू आत गेला असता तर सारेच संपले. तो गेला नाही. कांतू ६९, मिलान ६८. निकाल चाळीस वर्षांपूर्वी लागून गेलेला आहे आणि तो आम्हांला ठाऊकही होता. तरी सुतारकाकांनी असा काही सुस्कारा सोडला की घरातून काकू विचारायला आल्या.

इथे मी थांबलो असतो तर कथा छान झाली असती. पण हा इतिहास आहे.

लहान गाव शिखरावर चढते ते एका वाटेने, आणि उतरते ती वाट दुसरीच असते. १९८९ साली रीव्हा मिलानला गेला. ज्या मिलानला ग्रनोबलमध्ये एका गुणाने हरवले होते, तिथेच. पैशाचा आकडा मोठा होता आणि गावाला तो नाकारता आला नाही. १९९१ साली संघाने कोराच चषक चौथ्यांदा जिंकला, तोही रेआल माद्रिदला हरवून. आणि त्याच वर्षी मार्झोरातीने खेळ थांबवला. १९९४ साली कांतू पहिल्या श्रेणीतून खाली घसरले. दोन वर्षांनी वर आले खरे, पण तोवर जग बदलले होते. १९९५ च्या डिसेंबरात बेल्जियमच्या एका फुटबॉलपटूच्या दाव्यात युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला की करार संपल्यावर खेळाडू मोकळा, आणि युरोपीय संघातल्या देशांच्या खेळाडूंवर संख्येचे बंधन घालता येणार नाही. खेळाडूंच्या पायांतली बेडी तुटली, हे उत्तमच झाले. पण ताउरिझानोने लावलेल्या बागेचे कुंपणही त्याच घावाने तुटले. आता मुलगा वाढवायचा कांतूने आणि फळ न्यायचे ज्याची थैली जड त्याने. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मला अजून त्यांची बेरीज जमलेली नाही.

आणि एक दुखणे त्याहून जुने. घराचे.

हा संघ प्रथम गावातच पारिनी नावाच्या लहानशा क्रीडागृहात खेळे. ते अपुरे पडू लागले तेव्हा सत्तरीच्या दशकात पियानेल्ला हे नवे क्रीडागृह बांधले, सुमारे ४,००० माणसे मावतील एवढे. सारे मोठे विजय त्याने पाहिले. पण ते उभे राहिले कांतूत नव्हे, तर शिवेपलीकडच्या कुच्चागो गावात! म्हणजे संघाचे नाव कंपनीचे आणि घर शेजाऱ्याचे. स्वतःच्या गावात मोठे क्रीडागृह हवे म्हणून नव्वदीच्या सुमारास एक भव्य सांगाडा उभा करायला घेतला. तो अर्धवटच राहिला. बायबलात आकाशाला भिडू पाहणारा आणि कधीच पुरा न झालेला बाबेलचा मनोरा आहे. लोकांनी या सांगाड्याला त्याचेच नाव दिले. वर्षानुवर्षे तो गंजत उभा होता, शेवटी पाडला. मग दुसरी योजना निघाली. तीही बांधकाम सुरू होऊन थांबली. जगाला हव्या त्या मापाचे कपाट करून देणाऱ्या गावाला आपल्या पोरांसाठी चार भिंती आणि एक छप्पर पुरे करता येऊ नये, यावर हसावे की रडावे? सुतारकाका म्हणाले, “त्यात काय मास्तर, माझ्या घराचं दार बघा.” त्यांच्या दाराची खालची फळी मी पाहतोय तेव्हापासून निखळलेली आहे.

२००६ साली संघाला सत्तर वर्षे झाली. त्या वर्षी त्रेव्हिसोच्या संघाशी झालेल्या सामन्यात चौपन्न वर्षांचा मार्झोराती सदरा चढवून मैदानात उतरला. प्रदर्शनी सामना नव्हे, पहिल्या श्रेणीचा खराखुरा सामना. खेळला जेमतेम मिनिट दोन मिनिटे. समोरची पोरे त्याच्या निवृत्तीच्या वेळी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात असतील.

पुढे २०११ साली संघ इटलीच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला आणि पुन्हा युरोपच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत खेळला. पण त्या स्पर्धेला पियानेल्ला लहान पडते म्हणून घरचे सामने दुसऱ्या जिल्ह्यातल्या डेझिओ गावी खेळावे लागले. २०१५ साली संघ एका रशियन पोलाद-उद्योगपतीने विकत घेतला. या गावाला असा एकटा राजा मिळाला. २०१६ मध्ये पियानेल्ला दुरुस्तीसाठी बंद झाले ते संघासाठी पुन्हा उघडलेच नाही, आणि डेझिओची वारी कायमची झाली. तीन वर्षांत पैसा आटला, पगार थकू लागले, आणि २०१८-१९ च्या हिवाळ्यात संघ राहतो की जातो अशी अवस्था आली.

तेव्हा गावातले लहान-मोठे उद्योजक आणि प्रेक्षक एकत्र जमले. त्यांनी जी संस्था काढली तिच्या नावाचा अर्थच मुळी ‘सारे मिळून कांतू’ असा होतो. २०१९ च्या आरंभी संघ त्यांच्या हाती आला. कुणी एकाने मोठा आकडा घातला नाही. ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे घातले. गोष्ट पुन्हा बाप, दोन मुलगे आणि चार कारागिरांच्या कारखान्यावर आली. हे सारे झाले म्हणून संघ लगेच जिंकू लागला असे नाही. २०२१ साली तो पुन्हा खालच्या श्रेणीत घसरला. २०२२, २०२३, २०२४ अशी तीन वर्षे वर चढण्याच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला आणि तिन्ही वेळा शेवटच्या पायरीवरून परत आला. डेझिओला जाणारी माणसे तरी जात राहिली. गाडी काढून, पोरांना मागे बसवून, दर पंधरवड्याला दुसऱ्याच्या गावी आपल्या घरचा सामना पाहायला. २०२५ च्या उन्हाळ्यात संघ पहिल्या श्रेणीत परत आला.

आणि कांतूत, गावाच्या हद्दीत, कोर्सो एउरोपा नावाच्या रस्त्याकडेला नव्या क्रीडागृहाचे काम सुरू झाले आहे.

हे मी सुतारकाकांना परवा सांगितले. दिवाळीच्या गिऱ्हाइकांची घाई होती. पडवीत दोन पाट आणि एक देव्हारा अर्ध्या कामावर होते. त्यांनी ऐकून घेतले. त्या खेळाची जमीन लाकडी असते हे त्यांना त्या फितीमुळे ठाऊक झाले होते. अमेरिकेत ती बहुधा मेपलची करतात, आणि इटलीत तर खेळाच्या मैदानाला सर्रास ‘पार्के’, म्हणजे लाकडी फरशी, असेच म्हणतात. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि विचारले, “जमीन कोण बसवणार? गावचेच ना?”

मला सांगता आले नाही. विद्यार्थ्याला शोधायला लावले आहे.